दात माझे, निकाल वसाहतीचा

रविवारी दुपारी बरोबर सव्वातीनला माझे दात माझे राहिले नाहीत, तुम्हाला सांगते! कॉफीला पाहुणे जमलेले, पाव, जॅम, सगळं मांडलेलं, मी आपली सूर्यफुलाची एक बी फोडली, टरफल हातावर थुंकलं... आणि ते लाल! मूठ मिटणार तोच सासूबाई कडाडल्या, "अगाथे, काय लपवतेस? तोंड उघड!"

उघडलं. मग काय, जावेनं पाहिलं, नणंदेनं पाहिलं, पाहुण्यांनी कप हातात घेऊन रांगेनं पाहिलं. "गेल्या हिच्या हिरड्या!" "काढून टाक सगळे!" सासूबाई म्हणतात, "थोरल्याच्या बाळंतपणानंतर मी सगळे काढले, तेव्हापासून दातदुखी कशाशी खातात ठाऊक नाही!" आणि पुरावा म्हणून कवळी काढून ठेवली हो, जॅमच्या बशीशेजारी! स्पॅनिश मुलखातल्या आमच्या या जुन्या वळणाच्या, वेगळ्या बोलीच्या वसाहतीत पोरंबाळं झाल्यावरही तोंडात स्वतःचे दात ठेवणं म्हणजे लग्नानंतर डोक्याला काळा रुमाल न बांधण्यासारखं. पण मला सांगा, दात माझे की अख्ख्या वसाहतीचे?

माझी धास्ती वेगळीच. रक्त येतंय म्हणजे आत काहीतरी भयंकर असणार, मी मेले तर बाळाला वाढवणार कोण? सासूबाई! छे, मग मरायचंच नाही, असं ठरवून नवऱ्याला म्हटलं, "डीडरिख, मला शहरातल्या डॉक्टरकडे ने."

डॉक्टरीणबाई बोलतात स्पॅनिश, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून दुभाष्या डीडरिख. बाई बोलल्या, बोलल्या, आरशात दाखवलं, नकली जबड्यावर ब्रश फिरवला, डोळे वटारले... मी विचारलं, "काय म्हणतात?"

"घास म्हणतात."

"एवढंच?"

"नीट घास म्हणतात."

कोपर मारल्यावर बाकीचं बाहेर आलं. दातांच्या मुळाशी चिकट थर साचून साचून दगड झालाय, त्यानं हिरड्या सुजल्यात. आणि मी शहाणी, रक्त येतं म्हणून घासणंच सोडलेलं! बाईंनी सगळं खरवडून काढलं, मऊ ब्रश दिला, फटींतून फिरवायला दोरा दिला. दात एकही काढला नाही! मी रोज घासते, दोरा फिरवते, आणि रक्त थांबलं की हो! वाटलं, सुटले...

कसली सुटते! एका सकाळी दारात घोडागाडी. इसब्रांट काका, पक्कड घेऊन! हे आमचे दात काढणारे. सासूबाईंनी त्यांना केव्हाच निरोप धाडलेला. "कुठंय पोरगी?" मी ब्रश छातीशी धरून म्हटलं, "काका, माझे बरे झाले!"

आमच्यात दारी आलेला माणूस असाच परत पाठवत नाहीत, त्यातून वडीलधारा, त्यातून एवढ्या लांबून! सासूबाई पुटपुटल्या, "बिचाऱ्यांनी पक्कड उकळून आणलीय..." सगळ्यांच्या नजरा माझ्या तोंडावर! अहो पण दात माझे की अख्ख्या वसाहतीचे?

तेवढ्यात डीडरिखनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीत जाऊन बसला. "काका, माझी ही एक दाढ... कधीकधी... किंचित..."

कटाक! काका म्हणाले, "आता शेजारची एकटी काय करणार?" कटाक! "समोरचीला आता जोड कुठाय?" कटाक! सासूबाई म्हणाल्या, "काका, हात घातलाच आहे तर सगळेच उरका." आणि माझा नवरा मानेनंच हो हो म्हणतोय, मोठ्या माणसाला नाही म्हणवत नाही ना त्याला! तीस वर्षांचा धडधाकट गडी, आता नूडल्सचं सूप पितो आणि माझ्याकडे बघून हसतो... नुसत्या हिरड्यांनी! आता अशा माणसावर रागवायचं कसं, सांगा!

घरात स्वतःचे दात उरलेत माझे, आणि बाळाचे नुकतेच आलेले दोन. काल सासूबाईंनी तिचं तोंड उघडून उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "हिच्याही हिरड्या जरा लालच दिसतात, नाही?"

तर बायांनो, जाताना घरोघर एवढं सांगत जा... रक्त आलं तर आधी घासा. आणि वाटेत इसब्रांट काका भेटले तर म्हणावं, अगाथाकडे जाऊ नका, ते घर रिकामं आहे.