कोरं लुगडं

वाशीमच्या बसस्टँडवर मानोऱ्याच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकड्यावर सासूने पिशवीतलं लुगडं चाचपलं आणि ती सुनेवर भडकली.

"वैजयंती, हे नरम काहून लागून राह्यलं?"

"काल पाण्यातून काढलं, आत्याबाई. खळीनं कडक झालं होतं. देवीले नेसवताना निऱ्या बसत नाहीत."

"देवीचं लुगडं धुतलं? तिले कोरं लागते, पाणी न लागलेलं! कोनाची उतरन नेऊन राह्यलो का आपुन?"

"चारचौघात कायले ओरडता? कोरं असते कुठं? मी सुरतेले रंगाईच्या कारखान्यात होती ना! मागावर ताण्याचं सूत तुटू नये म्हणून त्याले खळ लावतात. विनून झालं का कापड उकळत्या पाण्यात धुतात, ब्लीच करतात, रंगात बुडवतात, पुन्हा धुतात. मंग दुकानात कोरं दिसावं म्हणून वरून नवी खळ देतात."

"म्हंजे माह्या सासूच्या वक्तापासून आमी देवीले धुतलेलंच नेसवून राह्यलो?"

"हो! धुतलेलंच!"

"चूप बस! पोहरादेवीत हे तोंडातून काढशीन तर याद राख. देवीले आजवर काही माहीत नाही."