डुकरिणीची पेज

युगांडातल्या कंपालाच्या खच्चून भरलेल्या वडाप टॅक्सीत माझ्या पुढे बसलेली तरुणी फोनवर किंचाळली, "केली? खरंच केली?" शेजारच्या म्हातारीने तिचा हात धरला.

"काय झालं गं, मुलगा की मुलगी?"

"तसं नाही, आजी. आमच्या डुकरिणीने शी केली!"

"आणि त्याचा एवढा आनंद?"

"तिचं आतडं कापून नव्या धाग्याने शिवलं होतं. टाके टिकले! मी जनावरांची डॉक्टर आहे."

"धडधाकट जनावराचं पोट कशाला फाडायचं?"

"माणसावर वापरण्याआधी धागा पारखावा लागतो. वाईट मलाही वाटतं. भूल उतरेपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते."

"आमचे हे असेच गेले. ऑपरेशन झालं आणि आतली शिवण उसवली."

"आजी..."

"तू रडू नकोस. नाव काय तिचं?"

"नाव नाही, नुसता नंबर आहे."

"नंबर कसला! माझं नाव ठेव, नामुतेबी."

"डुकरिणीला तुमचं नाव?"

"मग! मटोक्याच्या हिरव्या केळ्यांची सालं खाईल का ती?"

"सध्या फक्त पातळ पेज."

"ड्रायव्हरदादा, मला बाजारापाशी उतरवा हो. पेजेसाठी मक्याचं पीठ घेते. नामुतेबी उपाशी आहे!"