पान दोनशे बारा

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे संचालकसाहेब आणि प्रमुख पाहुणे, हस्तलिखित विभागातले माझ्या पत्नीचे सहकारी, आणि मागच्या रांगांत बसलेले वाचक बंधू-भगिनी,

मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं आहे. माझी सगळी नोकरी पाण्याची मीटरं तपासण्यात गेली. तिथे आकडा लिहायचा आणि पुढच्या दाराशी जायचं, बोलायचं काम नसायचं. म्हणून लिहून आणलं आहे.

या ग्रंथालयातली सगळी जुनी हस्तलिखितं आता घरबसल्या बघता येतात, त्याचा हा सोहळा. त्यातल्या निम्म्याहून जास्त पानांचे फोटो माझ्या पत्नीने काढले. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. आठ महिन्यांपूर्वी ती गेली. तिचं मानपत्र घ्यायला मला बोलावलंत, तिची आठवण ठेवलीत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

तिची एक पद्धत होती. ग्रंथ कॅमेऱ्याखाली ठेवण्याआधी ती सगळी पानं हाताने मोजायची आणि फोटो झाले की पुन्हा मोजायची. घरीही तेच. मी बोटाला थुंकी लावून वर्तमानपत्राचं पान उलटलं की आतून आवाज यायचा, "अहो, ऐकू येतंय मला!" थुंकी कधी ऐकू येते का? तिला यायची.

ती गेल्यावर मी रोज दुपारी संगणकापुढे बसू लागलो. तिने जे इतकी वर्षं पाहिलं ते आपणही पाहावं, एवढंच मनात होतं. संचालकसाहेब, रागावू नका, पण आपली वेबसाइट तुम्ही स्वतः कधी उघडून पाहिली आहे का? आधी पासवर्ड मागते. दिला तर म्हणते, हा कच्चा आहे, पक्का द्या. मग एक गोल फिरत राहतो. पान उमटेपर्यंत माझा चहा निवतो. आणि ते मोठं करून बघावं, तर पुन्हा पहिल्या पानावर नेऊन सोडते.

तेही मी सोसलं. तिने शेवटी हाताळलेला ग्रंथ मला बघायचा होता. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका वैद्याच्या औषधांची ती वही आहे. जुनी लिपी मला येत नाही, पण फोटोखाली तुम्ही सोप्या अक्षरांत मजकूर दिला आहे. दोनशे अकराव्या पानाच्या शेवटी वैद्य म्हणतो, ही सात मुळं कुटून घ्यावीत आणि. पुढचं बटण दाबलं की येतं पान दोनशे तेरा. तिथे रोगी उठून बसलेला आहे. मधे काय केलं, कुणास ठाऊक.

मी मदत केंद्राला फोन केला. तिथली मुलगी बोलायला गोड होती.

"काका, आमच्याकडे ग्रंथ शंभर टक्के दाखवतोय."

"अगं, पण दोनशे अकरानंतर एकदम दोनशे तेरा येतं."

"मग दोनशे तेरापासून वाचा ना."

असे चार फोन झाले. पाचव्या वेळी मी इथे येऊन उभा राहिलो, तर कळलं की फोटो झालेले ग्रंथ आता थंड खोलीत कुलपात आहेत. सगळं वेबसाइटवर असल्यामुळे ते कुणालाही उघडून मिळत नाहीत. म्हणजे पान वेबसाइटवर नाही, म्हणून ग्रंथ बघायचा. आणि ग्रंथ मिळत नाही, कारण तो वेबसाइटवर आहे.

ते पान का नाही, हे मला माहीत आहे. कामाच्या शेवटच्या दिवशी तिचा हात थरथरत होता. तो फोटो पुसट आला, म्हणून तिनेच तो रद्द केला आणि संध्याकाळी घरी मला म्हणाली, "उद्या परत काढते." दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात होती. रद्द केलेला फोटोही यंत्राच्या मोजणीत धरला जातो, म्हणून ग्रंथ पूर्ण दिसतो, असं मला आता सांगतात.

दवाखान्यात तिने तीनदा विचारलं, "त्या पानाचं काय झालं हो?" तिसऱ्यांदा मी म्हणालो, "झालं."

"कुणी काढलं?"

"तुझ्या जागी आलेल्या मुलीने."

"पानावर काच ठेवली होती ना? ते कोपऱ्यात वर येतं."

मी म्हणालो, "ठेवली होती." मग ती शांत झोपली. मी कुणालाच विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून ते गेलं आणि ती गेली.

मानपत्र सुंदर आहे. पण त्यात तिच्या कामाला 'संपूर्ण' असा शब्द आहे. पाणीपुरवठ्यात असताना न वाचलेल्या मीटरचा आकडा मी कधी लिहिला नाही, आता तिच्या नावावर कसा घेऊ? थंड खोली एक दिवस उघडा. एकच पान आहे. कोपऱ्यावर काच ठेवा.

समारंभात असं बोलायची रीत नाही, हे मला कळतं. माझ्या बोलण्याने कुणी दुखावलं असेल तर त्याने मला माफ करावं. बोलायची सवय नाही. इतका वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे. मानपत्र आज इथेच टेबलावर ठेवतो. फोटो निघाला की कळवा, त्या दिवशी न्यायला येईन.