बिनडोळ्यांचा मासा आणि बरणीतली दारू

जबाब
शहादे पोलीस ठाणे, ता. १२ मार्च १९५८

मी सरलाबाई विनायक गद्रे, वय ३४, धंदा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणे, राहणार पुणे, हल्ली मुक्काम लोणखेडे येथे जसोदाबाई पाटील यांचे घरी. समक्ष हजर राहून खरे तेच सांगते की,

गोड्या पाण्यातल्या माशांचा अभ्यास करण्यासाठी मी या भागात आले. आज सकाळी जसोदाबाईंच्या मळ्यातल्या विहिरीतून बादलीत बोटाएवढा पांढरा मासा आला. जसोदाबाई ओरडल्या, "बाई वं, याले डोयाच नही शेतस!" मी अनवाणी धावले. खरोखरच डोळे नव्हते, त्या जागी नुसते कातडे होते. जमिनीच्या पोटातल्या पाण्यात राहणारा असा मासा मी जन्मात पाहिला नव्हता. आनंदाच्या भरात मी जसोदाबाईंना मिठी मारली. हे लिहू नये असे जबाब लिहून घेणाऱ्या जमादारसाहेबांचे म्हणणे पडले. लिहावे असे माझे आहे.

थोड्या वेळाने मासा मेला. तो नासू नये म्हणून स्पिरिटच्या बरणीत घातला व लगेच पुण्यास निघाले. स्पिरिट म्हणजे काय, असे जसोदाबाईंनी विचारल्यावर मी घाईत "एक प्रकारची दारूच" असे सांगून मोकळी झाले. मला पोचवायला त्या एस.टी. स्टँडवर आल्या आणि मोठ्या कौतुकाने कंडक्टरला म्हणाल्या, "आमनी बाईनी मासाले दारू पाजी!" शेजारी शिपाई उभा होता. दारूबंदी असल्याने त्याने मला बरणीसकट येथे आणले. स्पिरिटचा परवाना पुण्यास कॉलेजच्या कपाटात आहे.

जमादारसाहेब भले गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, बरणी बेवारस सापडली असं लिहितो. दारू गटारीत ओतू, तुम्ही गाडी पकडा."

मी विचारले, "आणि माझी म्हणून लिहिलीत तर?"

"तर मुद्देमाल. सील करावी लागेल. कोर्टाच्या हुकमाशिवाय थेंबालाही कोणी हात लावायचा नाही. पण तुमच्यावर खटला."

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. मासा एकच आहे. दारू ओतली तर तो उद्या नासेल, मग मी पाहिला यावर कोण विश्वास ठेवणार? कॉलेजात बोभाटा होईल, नोकरीवरही बेतेल. बेतू दे.

तरी सांगते की, बरणीतली दारू माझी आहे, शेवटच्या थेंबापर्यंत माझी आहे. सीलची लाख झाकणावरच लावावी, काचेवर नको. बरणी उन्हात ठेवू नये.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. फक्त सोबतच्या मुद्देमालाच्या यादीत "मेलेला मासा, नग एक" असे जेथे लिहिले आहे, तेथे आधी "बिनडोळ्यांचा" हा शब्द घालावा. त्याशिवाय मी सही करणार नाही.

शब्द घातला.

सही, सरलाबाई गद्रे