उद्याचा शोकप्रस्ताव

बंदर परदेशी कंपनीला देण्याच्या करारावर उद्या सभागृहात तुटून पडायचं, असं मनाशी घोकत खासदार उपाहारगृहाच्या रांगेत उभे होते. पुढे सरकारी छापखान्यातले दोघे बोलत होते.

"उद्याची कार्यक्रमपत्रिका छापली?"

"केव्हाच. सुरुवातीलाच शोकप्रस्ताव आहे."

"म्हणजे सभागृह दिवसभर तहकूब. बंदराची चर्चा बोंबलली."

"आणि हरकतीची मुदत उद्याच संपतेय."

"पण गेलं कोण?"

"ते बंदरवाले हो. करार फाडा म्हणून घसा कोरडा करणारे."

"काहीतरीच! सकाळी जिन्यात भेटले की मला. चांगले ठणठणीत होते."

"असतील ना. म्हणून तर वेळेची जागा कोरी सोडलीय."

रांग सरकली. खासदार खिडकीशी आले.

"या साहेब," चहावाला म्हणाला. "तुमचा चहा कुणीतरी मघाशीच सांगून ठेवलाय."