लिहायचं तर दोघींना लिहा

मी निपाणीकडच्या खेड्यातली. घरात मराठी, बाजारात कन्नड, दोन्ही जिभेवर. लगीन झाल्यावर मालकांबरोबर बेंगळुरात आले, ते बांधकामावर जायचे, आणि पोरं जरा मोठी झाल्यावर मी मल्लेश्वरमात देवळाच्या कोपऱ्यावर फुलं घेऊन बसले, ती आजवर हितंच हाय. काय सांगू पोरी तुला, तू कॉलेजातनं आलीस, गरिबांना कायदा मिळतो का विचारायला, आणि विचारायच्या आधीच किती वेळा सॉरी म्हणालीस. सॉरी कशाला, बस की. तो मोगरा तेवढा बाजूला सार.

तर ही शेजारची गौरम्मा, पालेभाजीवाली. आमच्या फुटपाथची रीत अशी, की कोपऱ्यावरची गावाला गेली की शेजारणीनं आपली पाटी उचलून तिच्या जागेवर बसायचं. कोपरा मोकळा दिसला की स्कूटर लागते, आणि एकदा लागली की जागा गेली. गौरम्माची जागा झाडाच्या बुंध्याशी, तिथं गाडी घुसत न्हाई, म्हणून ती निर्धास्त.

मी बहिणीच्या पोरीच्या लग्नाला गेले, आणि तेवढ्यात पालिकेची माणसं आली, फुटपाथवर बसणाऱ्यांची नोंद करायला. कोपऱ्यावर गौरम्मा. ही जागा तुझी का? ती खोटं कशाला बोलेल, म्हणाली, न्हाई साहेब, अक्काची हाय, मी राखायला बसलेय. मग तुझी कुठली? तिनं झाडाकडं बोट केलं. तिथं तर कोणीच न्हाई. झालं, साहेब पुढं गेले. माझ्या जागेत मी न्हाई, तिच्या जागेत ती न्हाई, दोघीही नोंदीतनं राहिलो.

तवापासनं सारखं उठा म्हणतात. नोंद न्हाई, उठा. मागल्या खेपेला तूच सांगितलंस की राहून गेलेल्यांना दाद मागता येते, म्हणून दोघी गेलो पालिकेच्या ऑफिसात. साहेब माणूस बरा, पाणी दिलं. म्हणाला, अक्का, कोपऱ्यावर माल दिसला होता, तिथं तुमचं नाव घालतो, स्वल्प थांबा. हिची जागा रिकामी होती, हिचं जमणार न्हाई.

मी म्हटलं, का रिकामी होती साहेब? माझी राखत होती म्हणून. माझ्या कोपऱ्यावर तुम्हाला माल दिसला तो हिचाच. लिहायचं तर दोघींना लिहा, न्हाईतर राहू द्या. आणि उठले.

बसमध्ये गौरम्मा नुसती भांडत होती. हुच्ची हायस तू, येडी, तुझं तरी झालं असतं, मी म्हातारी अजून किती दिवस बसणार? मी म्हटलं, गप, तुला मरायला सवड कुठं हाय, कोथिंबीर विकायचीय अजून.

काल पुन्हा आले उठवायला. आम्ही दोघी हललो न्हाई. म्हणाले, साहेबांनी सांगितलंय, नीट विचार करा. मी म्हटलं, विचार त्यांनाच करू द्या, आम्हाला धंदा हाय.

पाटी उचलून नेतीलही उद्या. भ्या वाटत न्हाई असं न्हाई, लिही तेपण. पण एकटीचं नाव लावून हितं बसायचं आणि शेजारी नुसतं झाड बघायचं, ते मला जमायचं न्हाई. तू शिक पोरी, साहेबीण हो, आणि त्या खुर्चीत बसलीस की पहिलं आम्हा दोघींना लिही. तोवर कोणी का येईना, आम्ही हितनं उठत न्हाई.