जावईबापूंचा भूकंप

लढाईच्या काळात आपल्याकडे एकदा जमीन हलली होती बघा. तेव्हा नेवाशाकडच्या गावांत चौकशी करायला आम्हा दोघा मास्तरांना धाडलं, मला आणि कदमांना. धक्क्याचा जोर आकड्यात लिहायचा: भांडी नुसती वाजली असली तर चार, फळीवरून पडली असली तर पाच. माझ्या गावांत सगळीकडे चार. कदमांकडे जिथं तिथं पाच. पुण्याच्या वेधशाळेचे साहेब दोघांचे आकडे एका नकाशावर जुळवायला आले आणि मोठा धक्का शोधला म्हणून आल्या आल्या कदमांची पाठ थोपटली. माझ्या पोटात दुखायला लागलं.

मी म्हटलं, "साहेब, एका घरी आम्ही दोघंही गेलो होतो. तिथंही माझे चार, यांचे पाच. तिथंच ताळा करू."

ते घर कदमांच्या सासूबाईंचं. साहेबांनी विचारलं, "आजी, भांडी पडली का?"

"न्हाई, नुसती वाजली."

"मग कदमांना पडली म्हणून का सांगितलंत?"

"जावईबापू म्हनले, पडली आसतील ना? जावयाला न्हाई कसं म्हनावं?"

त्या पट्ट्यातली सगळी गावं कदमांना जावईच मानायची. साहेबांनी त्यांचे सगळे आकडे एकेकानं उतरवले. मी खूश. तेवढ्यात पानं वाढली. कदमांच्या पुरणपोळीवर तुपाची धार थांबेना, माझी पोळी कोरडी.

साहेब म्हणाले, "मास्तर, सासरवाडीला आता कुणालाच पाठवणार नाही."

मी म्हटलं, "मला माझ्या सासरवाडीला, पारनेरला, खुशाल पाठवा. तिथं मला कुणी कशालाच हो म्हणत नाही."